डावीकडचा पंप

आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात एकच कायदा आहे: फोटो नाही तर बदल नाही. दुकानातून आणलेलं छोटं इंजिन तुम्ही जसंच्या तसं रुळावर ठेवलंत तर कुणी काही बोलत नाही, फक्त कीव केल्यासारखं बघतात. पण त्याची साधी एक पायरी जरी वाकवलीत, तरी पुरावा मागतात. मागतात म्हणजे एडविन थ्रेलफॉल मागतो. तीस वर्षांत त्याने माझ्या इंजिनांत जेवढ्या चुका काढल्या, तेवढ्या माझ्या बायकोनेही माझ्यात काढलेल्या नाहीत. एकदा त्याने माझ्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवरचे रिव्हेट मोजले. दोन जास्त निघाले. ते त्याने सगळ्यांदेखत चाकूने खरवडून काढले आणि वर मलाच म्हणाला, "आता बरं वाटतंय ना?"

यंदा हा गृहस्थ स्वतःच्या वडिलांचं इंजिन करत होता. वडील गूलच्या गोदीत मालडबे ढकलणाऱ्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. एडविन दोन वर्षांचा असताना ते गेले. आईने दुसरं लग्न केलं, आणि नव्या घरात पहिल्याचं नाव निघत नसे. एडविनकडे उरला तो एक फोटो. काजळीने नंबर दिसेनासा झालेलं इंजिन, आणि केबिनमधून बाहेर वाकलेला, चहाचा मग धरलेला तरुण.

आठ महिने तो खपला. विकतच्या इंजिनाचे साच्यातले जाड दांडे तासून काढले, सुईएवढी भोकं पाडून त्यांत पितळी तार बसवली. कोळशाच्या पेटीला फोटोतला पोचा पाडला, तो तापवलेल्या चमच्याने; एक पायरीही फोटोतल्यासारखी वाकवली. आता या जातीच्या यच्चयावत इंजिनांना ब्रेकसाठी हवा भरणारा पंप असतो, आणि तो उजवीकडे असतो. फोटोत मात्र तो डावीकडे होता. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. एडविनला शोध लागला. हे एकच इंजिन जगावेगळं होतं, यावर त्याने क्लबात चाळीस मिनिटं भाषण दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण फोटो होता.

प्रदर्शन शनिवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलमध्ये मांडामांड चालली होती. इंजिनाशेजारी तो फोटो मोठा करून लावला होता. माझी बायको एनिड केक ठेवायला आली. तिने लीड्सच्या कोटांच्या कारखान्यात उभा जन्म काजं-बटणं करण्यात घालवलाय. ती फोटोपाशी थांबली.

"एडविन, तुझ्या बाबांनी बाईचा कोट का घातलाय रे?"

"काय?"

"बटणं बघ ना. पुरुषांच्या कोटाला उजवीकडे असतात. ही डावीकडे आहेत."

"तू केकचं बघ," मी म्हणालो.

पण एडविनने भिंग काढलं होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. शेवटी आमचे सेक्रेटरी कथबर्ट जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलले. "निगेटिव्ह उलटी धरून छापलाय. आरशात बघावं तसं झालंय."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "म्हणजे पंप चारचौघांसारखा उजवीकडेच होता!" मी म्हणालो. "पोचा पलीकडे, पायरी पलीकडे. आणि चाळीस मिनिटं रे एडविन, चाळीस मिनिटं!"

"म्हणजे ते डावखुरे नव्हते," एडविन म्हणाला.

आम्हाला कळेना.

"चहाचा मग डाव्या हातात दिसतोय ना, म्हणून मला तसं वाटायचं." त्याने स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. "मी मुळात उजवा. सातव्या वर्षी हा फोटो सापडला आणि मी हात बदलला. मास्तरांनी पट्टीने फोडून काढलं, तरी बदलला. चौसष्ट वर्षं झाली."

मला इतकी लाज वाटली की मी खुर्च्या मोजायला लागलो. एनिडने त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला नाही.

शुक्रवारी दिवसभर त्याने घराचं दार उघडलं नाही. शनिवारी सकाळी मात्र इंजिन टेबलावर हजर होतं. पंप उजवीकडे गेला होता, पोचा आणि पायरी आपापल्या खऱ्या बाजूला. शेजारी फोटो सुलट छापलेला, आणि त्याखाली चिठ्ठी: 'माझं भाषण चुकीचं होतं. ए. थ्रेलफॉल.' केबिनमधला बोटाच्या पेराएवढा फायरमनचा बाहुलाही पलीकडच्या खिडकीत गेला होता.

दुपारी डॉनकास्टरचे एक चष्मेवाले गृहस्थ आले. असे एक गृहस्थ प्रत्येक प्रदर्शनात असतातच. दहा मिनिटं ते फोटो आणि इंजिन आळीपाळीने न्याहाळत होते.

"पंप बरोबर. पोचा बरोबर," ते म्हणाले. "पण फोटोत फायरमनच्या उजव्या हातात मग आहे. तुमच्या बाहुल्याच्या डाव्या हातात."

मी बघितलं. खरंच होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी एडविनच्या बाजूने पुढे सरसावलो. "बाहुला विकतचा आहे हो. तसाच मिळतो."

एडविनने मला बाजूला सारलं. "विकतचा नाही. मी केलाय."

"मग हा हात काही त्यांचा नाही," गृहस्थ म्हणाले.

"नाही," एडविन म्हणाला. "तो माझा आहे."