जवळच्या पंपाचं पेट्रोल

मी बोलतेय. अहो, इकडे तिकडे काय बघता? फाटकाशी उभी आहे ती जुनी पिकअप, तीच मी. एक दिवा पांढरा, एक पिवळा, मागच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायची लाकडी चौकट. गाडीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं वाटत असेल तर वाटू दे. माझ्या टाकीत कुठलं पेट्रोल पडावं यावरून एका घरात वर्षानुवर्षं वाद चालला. त्या वादाचा शेवट ज्या वाक्याने झाला, ते ऐकलेले आता मी आणि माझा मालक एवढेच उरलोय. तो कुणाशी बोलत नाही. म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. एकाने दारं बसवली, दुसऱ्याने चाकं, तिसऱ्याने टाकीपासून इंजिनापर्यंत काळे रबरी पाइप ओढले. तेव्हा पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल असायचं. त्यात इथेनॉल मिसळायची पद्धत आली ती फार मागाहून. माझे पाइप त्या मिश्रणासाठी घडवलेलेच नाहीत. हे जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा पहिला मालक बांधकामाचा ठेकेदार. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. वाळू, विटा, सळया, हाताला लागेल ते माझ्या पाठीवर लादायचा आणि चढावर मी कण्हायला लागले की वर मलाच शिव्या घालायचा. माझी पुरती रया गेली तेव्हा त्याने मला विकायला काढलं. बघायला आला तो एक काचवाला, सोबत त्याची बायको. बाकीचे लोक टायरला लाथ मारून बघतात. या गृहस्थाने टाकीचं झाकण उघडलं, नाक लावलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"अहो, गाडी घेताय की अत्तर?" बायकोने विचारलं.

तिथेच मला ती आवडली. म्हटलं, मेलं नशीब उघडलं बाई आपलं.

दोघं मिळून खिडक्यांना, दुकानांना काचा बसवायची. मालकीण माप घ्यायची, मालक काच कापायचा आणि उचलायला दोघं. हातात जाड मोजे, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. "उचल." "आली." "टेकव." कामावर असताना एवढंच बोलणं, पण त्या तीन शब्दांत दोघांचं असं काही जमायचं की बघत राहावं. माझ्या पाठीवर काच असली की मालक खड्ड्याला विचारून पुढे जायचा. ठेकेदाराच्या हाताखालून आलेली मी, मला तर माहेरी आल्यासारखं झालं.

फक्त त्याचं एक खूळ होतं, पेट्रोलचं. आमच्या कोपऱ्यावरच पंप होता, चालत गेलं तरी दम लागायचा नाही असा. पण तिथे इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळायचं. बिनइथेनॉलचं हवं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. दर रविवारी सकाळी मालक मला घेऊन तिकडे निघायचा तो जेवणाच्या वेळेला परत. रांगेत उभं राहायचं, भरणाऱ्याला तीनतीनदा विचारायचं, "बिनमिसळीचंच आहे ना?" भरणारा आता त्याला बघितलं की आधीच मान हलवायचा.

त्याच पंपावर जास्त ऑक्टेनचं भारी पेट्रोलही असायचं. लोकांना वाटतं, ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त. तसं काही नसतं हो. पेट्रोल इंजिनात वेळेआधी भडकू नये, एवढंच ते ऑक्टेन बघतं. तापट इंजिनांना त्याची गरज. माझं बिचारं थंड डोक्याचं, त्याला साधं पुरतं. तरी मला घरी आणलं त्या तारखेला दरवर्षी मालक टाकीत भारी पेट्रोल घालायचा. वर माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "आज मजा कर."

"माझ्या वाढदिवसाला चपला आणल्यात," मालकीण म्हणायची, "त्याही एक पाय मोठा, एक लहान. आणि या सवतीचे बघा कसे लाड चाललेत!"

सवत म्हणायची मला. पण रोज संध्याकाळी माझी पुढची काच स्वतःच्या हाताने पुसायची, तेही ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. कुणी सवतीचं एवढं करतं का, सांगा बघू.

खरं म्हणजे मालकिणीला पेट्रोलशी काही देणंघेणं नव्हतं. तिला रविवारची सकाळ हवी होती. सहा दिवस दोघं कामाला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, आणि जी एक सकाळ मोकळी मिळायची ती मी घेऊन जायचे. आधी ती सोबत यायची. मग गुडघे दुखायला लागले, माझ्यात चढणं-उतरणं नको वाटायला लागलं. ती दारात उभी राहून आम्हाला जाताना बघायची, आणि मला आरशात ती दिसायची. अगदी अपराधी वाटायचं मला.

एका रविवारी ती बोललीच. "कोपऱ्यावर पंप आहे. सगळं जग तिथलं पेट्रोल भरतं. कुणाची गाडी रस्त्यात लोळताना दिसली का तुम्हाला?"

"अगं, जुनी गाडी आहे. तिला नाही सोसायचं."

"आणि मी काय नवी आहे का?"

मालक किल्ली हातात घेऊन उभाच राहिला. मग हसला. मग मला घेऊन कोपऱ्यावर गेला, तिथलं पेट्रोल भरलं आणि गेल्या पावली परत आला.

त्यानंतर जे काही रविवार आले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. मालक माझा मागचा फाळका खाली पाडायचा, त्यावर दोघं पाय सोडून बसायची. चहा, वर्तमानपत्र, आणि शेजारच्यांबद्दल मनसोक्त वाईट बोलणं. ती त्याच्या खांद्याला टेकून कधीकधी डुलकी काढायची. तो मग हलायचाही नाही, पाय झोपला तरी. मला त्या पेट्रोलने काय झालं? काही नाही. भरलेल्या टाकीत अंतर जरा कमी जायचं, बस्स. त्यासाठी एवढी वर्षं तिच्या सकाळी खर्ची घातल्या, असं मालकाच्याही मनात आलं असणार. एकदा तिला म्हणालासुद्धा, "आधीच ऐकायला हवं होतं तुझं."

मग तो दिवस आला. एका औषधाच्या दुकानाला दर्शनी काच बसवायची होती. दोघांनी काच उचलली, हौद्यातून बाहेर काढली आणि मधेच मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, टेकवा," ती म्हणाली. "छातीत... नाही, मला नंतर धरा. आधी काच टेकवा."

काच टेकली तेव्हा कुठे तिने हात सोडले. काचेवर ओरखडासुद्धा उठला नाही. मालकाने तिला उचलून माझ्या पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाला. त्या दिवशी त्याने खड्ड्यांना विचारलं नाही आणि मीही कुरकुरले नाही. जीव तोडून पळाले. पुलाच्या चढावर आलो, समोर दवाखान्याची पाटी दिसायला लागली, आणि माझा श्वासच अडकला. इंजिन बंद.

त्याने किल्ली फिरवली. परत फिरवली. मी नुसती घरघरत राहिले, पेटेना. मागे भोंगे वाजायला लागले. मालकाने स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि तिच्याकडे बघून ओरडला, "किती वेळा सांगितलं होतं तुला! म्हणे जवळचा पंप, जवळचा पंप! भोग आता!"

भीतीने बोलला हो तो. सगळा जीव तिच्यात होता त्याचा. पण बोलला.

तिने डोळे उघडले. हात पुढे करून माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, आणि म्हणाली, "चुकलं माझं. पण तिला मारू नका."

तिला, म्हणजे मला. सवतीला.

मागच्या गाडीतला माणूस धावत आला. दोघांनी मिळून तिला त्याच्या गाडीत नेलं. तिचे मोजे माझ्या डॅशबोर्डवर राहिले. मी पुलावर तशीच तिरकी उभी. संध्याकाळी मला दोर बांधून ओढत गॅरेजात नेलं, तेव्हा ओढणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळलं की ती गेली. दवाखान्याच्या दारातच गेली.

बरेच दिवस मला न्यायला कुणी आलं नाही. मग मालक आला. ओळखू येईना इतका वाळला होता. गॅरेजवाला जुना ओळखीचा, मालकाला काका म्हणायचा. मालकाने विचारलं, "पेट्रोलनेच ना?"

"नाही काका. पेट्रोलचा काही संबंध नाही. ही वायर बघा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारी मोटर असते ना, तिची वायर. पत्र्याच्या कडेला घासून घासून तुटली. कुठलंही पेट्रोल असतं तरी तुटलीच असती."

"नीट बघ. पेट्रोलच असेल."

"चांगलं पेट्रोल आहे काका. नवी वायर टाकली, याच पेट्रोलवर चालू झाली. ऐका."

मी चालू होते. मालक तिथेच टायरवर बसला. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. हा माणूस तोंडावर हात धरून ढसाढसा रडला. गॅरेजवाल्याला वाटलं, बायकोच्या आठवणीने. मला खरं कारण माहीत होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि शेवटचं वाक्य त्याने तिला ते ऐकवलं होतं. आणि ती बिचारी ते खरं मानून गेली.

तेव्हापासून मालक दूरच्या पंपावर गेलेला नाही. दर रविवारी सकाळी मला कोपऱ्यावर नेतो आणि तिथलं इथेनॉलवालं पेट्रोल भरतो. घरी आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही. बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघतो. तिचे मोजे अजून डॅशबोर्डवर आहेत, धुतलेसुद्धा नाहीत. त्यांना म्हणतो, "बघ, चालतेय. काही झालं नाही तिला. तुझंच बरोबर होतं." मग फाळका पाडून आपल्या नेहमीच्या बाजूला बसतो. तिची बाजू मोकळी ठेवतो.

आता जे सांगते ते हळू आवाजात सांगते. मला सोसत नाहीये.

मोठ्या काचेला दोन माणसं लागतात. आता तो लहानसहान तावदानंच बसवतो, त्यामुळे मी आठवडाभर नुसती उभी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. माझ्यासारखी उभी राहणारी गाडी असली की ते पाणी टाकीच्या तळाशी साचतं, पत्रा गंजतो. आणि माझे ते जुने पाइप आतून चुरा व्हायला लागलेत. त्या चुऱ्याने गाळणी तुंबते आणि चढावर मला धाप लागते.

गॅरेजवाल्याने सांगून बघितलं. "काका, पूर्वीसारखं बिनइथेनॉलचं भरा. नाहीतर निदान नवे पाइप टाकू द्या, एका दुपारचं काम आहे."

"पाइप कशाला? पेट्रोलमध्ये खोट नाही. तूच म्हणाला होतास."

"त्या दिवशी नव्हती काका, पण आता..."

"तूच म्हणाला होतास!" मालक एवढ्या जोरात ओरडला की गॅरेजातले सगळे बघायला लागले.

गॅरेजवाला समजायचं ते समजला. तेव्हापासून तो गाळणी काढतो, त्यातला काळा चुरा फडक्यात गुंडाळून खिशात घालतो आणि म्हणतो, "धूळ आहे काका. रस्तेच मेले खराब." पाइपही गुपचूप बदलले असते त्याने, पण मालक माझ्या शेजारून हलतो कुठे? मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, विकून टाका ना आता." तो म्हणतो, "छान चालते गं." एवढंच.

म्हणून मी चालते. सकाळी किल्ली फिरली की छातीत नुसती खरखर होते. पण त्याचे कान माझ्याकडे लागलेले असतात ना, मग मी सगळी ताकद लावून पेट घेते. त्याच्यासमोर खोकायचं नाही, असं ठरवलंय. खोकला आलाच तर तो किल्ली काढून घरात गेल्यावर. मला मरायची भीती नाही, भरपूर ओझी वाहून झालीत. भीती वाटते ती एवढीच, की एखाद्या चढावर, त्याच्या हाताखाली मी बंद पडेन आणि त्याला वाटेल, म्हणजे त्या दिवशीही पेट्रोलच होतं. म्हणजे तिचंच चुकलं होतं. त्या बाईने माझ्यावरचा मार थांबवला होता. तिच्यावर हा आळ परत आलेला मला सहन व्हायचा नाही.

तुम्ही या रस्त्याने येता जाता. एक दिवस मी चालू होणार नाही, फार लांब नाही तो दिवस. तो बॉनेट उघडून उभा असेल आणि जो भेटेल त्याला विचारेल, हिला काय झालं म्हणून. तेव्हा सांगा, म्हातारी झाली होती. वायर गेली म्हणा, बॅटरी गेली म्हणा, माझ्या नावावर काय वाट्टेल ते खपवा. पण हात जोडून सांगते, पेट्रोलचं नाव काढू नका.