पूनमचा पिट्ठू

मी एक जुना पिट्ठू आहे. पिट्ठू म्हणजे पाठीवर बांधायची कॅनव्हासची मोठी पिशवी. शहरातली मुलं मला सॅक म्हणतील, म्हणू देत बापडी. सध्या माझा मुक्काम तिगावच्या एका घरात माळ्यावर आहे, बंद पडलेला कुलर आणि कांद्याचं पोतं यांच्या मधोमध. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक गोड बोलतात. झिजलो, फाटलो, पण सेवा केली, असं म्हणून डोळे पुसतात. माझ्याच्यानं ते होणार नाही. माझं तोंड कडू झालं आहे, आणि ते का झालं तेवढंच मी सांगणार आहे.

माझा जन्म सौंसरचा. बसस्टँडच्या मागे मनोहर शिंप्याचं दुकान होतं. रामाकोन्याचे दादाजी आपल्या लेकीला, पूनमला, घेऊन तिथे आले. दादाजी रेल्वेत गँगमन होते. रुळांखाली गिट्टी, म्हणजे खडी, भरता भरता त्यांचे हात गिट्टीसारखेच राठ झाले होते. पूनम सौंसरच्या कॉलेजात शिकायची, एनसीसीत होती, आणि डोंगरावरच्या कॅम्पसाठी तिची निवड झाली होती. दादाजींना पोरीचं काय कौतुक! "मनोहरभाऊ, पट्टे असे बनवा का पोट्टीच्या खांद्याले रुतले नाई पाहिजे," ते म्हणाले. मनोहरनं पट्ट्यांत मऊ कापूस भरला. कॅम्पात अदलाबदल नको म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं नाव शिवलं, पूनम.

त्यानंतर पंधरवडाभर या मुलीनं मला अंगणात भरलं आणि रिकामं केलं, पुन्हा भरलं. पांघरूण तळाशी, जड वस्तू पाठीला लागून, आधी लागेल ते वर. मला पाठीला बांधून ती विहिरीपर्यंत चालत जायची आणि मोठ्या डोंगरावरून उतरल्याचा आव आणत परत यायची. मला वाटलं, नशीब काढलं आपण.

पण कॅम्पच्या आधीच तिगावचं स्थळ चालून आलं. मुलगा पांढुर्ण्याला ऑफिसात नोकरीवर, नाव गौतम. साखरपुड्याची आणि कॅम्पची तारीख एकच निघाली. पूनम रडली. दादाजी म्हणाले, "रडतं काऊन? त्यायले सोताले डोंगराचा शौक हाय. जावई नेतीन ना तुले!" त्या एका वाक्यावर ती हो म्हणाली. मी तिच्यासोबत तिगावला आलो. पोटात लुगडी भरून, बरं का. डोंगरासाठी शिवलेला मी!

गौतम वाईट माणूस नव्हता. हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. म्हणूनच त्याचा राग करायलाही सोय नव्हती. मला पाहिल्याबरोबर तो म्हणाला, "अरे वा, हे तं कामाचं हाय!" आणि उन्हाळ्यात शुभम आणि मयूर या दोस्तांबरोबर बैतूलकडच्या डोंगरावर मुक्कामाला निघाला. मला भरलं पूनमनं. पाण्याच्या बाटल्यांना ओलं फडकं, सातूचं पीठ, मीठ-साखरेची पुडी, दोन कांदे आणि एक पातळ चादर. भरता भरता तिनं विचारलं, "मी येऊ का?"

"उनाचं कायले येतं? पावसाळ्यात नेतो न."

पावसाळ्यात तिनं मला आतून धुतलेल्या प्लास्टिकच्या थैलीचं अस्तर लावलं. काडेपेटी तांदळाच्या डबीत ठेवली, कोरडे कपडे वेगळे बांधले, मोज्यांचा एक जोड जास्तीचा दिला. तेव्हा उत्तर आलं, "चिखलात पाय घसरते. हिवाळ्यात जाऊ, मस्त रायते." हिवाळ्यात तिनं जाड गोधडी सुरळी करून तळाशी घातली, कानटोपी, तिळाचे लाडू, छातीला चोळायला तेल. तोवर तिला दिवस गेले होते. मग पोर झाली, सुप्रिया. मग पोर लहान होती. ऋतू बदलायचे, माझ्या पोटातलं सामान बदलायचं, कारणं बदलायची. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

शेवटी ती एवढंच म्हणू लागली, "मंग वरून माह्यासाठी एक गोटा तरी आणजा."

आता ऐका. डोंगरावर गौतम गोटा साफ विसरायचा. तिगावला पॅसेंजर गाडीतून उतरल्यावर त्याला आठवण यायची. मग तो इकडेतिकडे बघून खाली वाकायचा, रुळालगतची एक गिट्टी उचलायचा आणि माझ्या बाजूच्या कप्प्यात टाकायचा. घरी येऊन म्हणायचा, "हा घे, पार टोकावरचा." पूनम तो खडा धुवायची आणि खिडकीत ठेवायची. एकाशेजारी एक, रांगच लागली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सुप्रिया सांगायची, हे आमच्या आईचे डोंगर आहेत. मी जागच्या जागी जळायचो. पिट्ठूला वाचा असती तर त्या दिवसांत मी गप्प बसलो नसतो, सगळ्या आळीला ऐकवलं असतं.

कौतुक माझंही व्हायचं. सगळे भिजले तरी गौतमची काडेपेटी पेटायची, सगळे कुडकुडले तरी तो घोरत पडायचा. शुभम म्हणायचा, "भाऊ, तुह्यासारखं सामान भरणं कोनाले जमत नाई." गौतम हसून म्हणायचा, "सवय हाय ना." आणि वर पूनमनं केलेला लाडू तोंडात टाकायचा.

मग एका हिवाळ्यात नवल घडलं. सुप्रिया शाळेत जाऊ लागली होती. सासू अंबाबाई म्हणाली, "जाय वो एकडाव. पोट्टीले मी पाहतो." आणि गौतम चक्क हो म्हणाला. त्या दिवशी पूनमनं मला जसं भरलं तसं कधीच भरलं नव्हतं. तळाशी दोघांना पुरेल अशी गोधडी आणि तिच्यातच गुंडाळून तिचा एनसीसीतला जुना स्वेटर. बूटसुद्धा तिनं आदल्या दिवशी उन्हात ठेवले होते. ती गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सकाळी शुभम आणि मयूर दारात आले. मयूरच्या हातात भलामोठा स्पीकर होता. शुभमनं पूनमच्या बुटांकडे पाहिलं. "वैनी येऊन राहिल्या का? मंग आमाले मोकळं बसता नाई येत, भाऊ. अन हा स्पीकर कुठी ठेवतं?"

गौतमनं मयूरच्या हातातला स्पीकर घेतला. मग त्यानं माझं झाकण उघडलं. स्वेटर काढला, तिचे कपडे काढले, गोधडीही काढली, आणि सगळं नीट घडी करून खाटेवर ठेवलं. नीट घडी करून, मित्रांनो! स्पीकर आत कोंबला आणि हळूच म्हणाला, "पुढच्या टायमाले नक्की. गोटा आणतो न तुह्यासाठी."

"नोका आणू," पूनम म्हणाली.

"काऊन?"

"गिट्टी इथंच भेटते टेसनावर. माह्या बापानं जलमभर तेच भरली. मले वळखू येत नाई का?"

गौतमचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं! तरी ती धूत होती, मांडत होती. मला वाटलं, आता तरी हा मला खाली ठेवेल. पण बाहेरून मयूर ओरडला, गाडी येऊन राहिली, चाल लवकर. आणि तो गेला. मलाच पाठीवर घेऊन गेला.

त्या रात्री थंडीनं तिघांचे दात वाजत होते. गोधडी तिगावात खाटेवर होती आणि स्पीकर पांघरता येत नाही. सकाळी गौतम एकटाच टोकावर चढला. तिथला एक काळा गोटा त्यानं उचलला, खराखुरा. तो इतका जड होता की परतीच्या वाटेवर माझा एक पट्टा तुटला. घरी आल्यावर तो म्हणाला, "पूनम, हा वरचा हाय. आईशप्पथ." पूनम पीठ मळत राहिली. खिडकी रिकामी होती.

गोटा माझ्या कप्प्यातच राहिला. तुटका पट्टा कोणी शिवला नाही आणि मी माळ्यावर गेलो. गौतमनं नवी बॅग घेतली, ती आता तो स्वतःच भरतो. पावसाळ्यात काडेपेटी भिजते म्हणे.

परवा सुप्रिया कांदे काढायला माळ्यावर चढली. आता तीही कॉलेजात जाण्याएवढी झाली आहे. तिनं माझ्यावरची धूळ झटकली, वरूनच विचारलं, "आई, हा पिट्ठू कोनाचा वो?"

खाली भाकर थापण्याचा आवाज क्षणभर थांबला.

"तुह्या बाबाचा," पूनम म्हणाली, आणि पुन्हा भाकर थापू लागली. सुप्रियानं मला होतो तिथे सरकवलं आणि कांदे घेऊन उतरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, मीही करतो. मला ऊन दाखवू नका, माझा पट्टा शिवू नका, मला काही नको. फक्त तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याचं झाकण एकदा उलटून बघा. नाव आतल्या बाजूला असतं. माझ्या झाकणातला लाल दोरा अजून उसवलेला नाही.