कोणतं बाळ रडतंय

नवजात बाळांच्या कक्षात सगळे तिला ताई म्हणत. मेट्रन वयाने मोठी, तरी तीही ताईच म्हणायची. दाराबाहेर चपला काढतानाच, आतलं रडणं ऐकून, ताई सांगून टाकायची, "खिडकीजवळच्याला भूक लागलीय. आणि कोपऱ्यातली नुसती नाटकं करतेय." आत गेल्यावर तसंच निघायचं. नव्या नर्स मुली तोंडात बोट घालायच्या.

डाव्या कानात घरघर सुरू झाली तेव्हा तिने कामावर कुणाला सांगितलं नाही. कान जड व्हायचा, पाणी गेल्यासारखा दडा बसायचा आणि मग आपोआप मोकळा व्हायचा. नवऱ्याचा पंप दुरुस्तीचा धंदा. जेवताना त्याच्याकडे विषय काढला तर तो म्हणाला, "बेअरिंग गेलं असेल. उघडून बघावं लागेल." दोघंही हसली आणि विषय तिथेच राहिला. पुढे एकदा स्वयंपाकघराची भिंतच फिरायला लागली. ओटा धरून ती कशीबशी उभी राहिली. उपाशीपोटी धावपळ झाली, दुसरं काय, अशी तिने मनाची समजूत घातली.

एका दुपारी कमी वजनाच्या एका बाळाला दुपट्यात गुंडाळून ती त्याच्या आईकडे न्यायला निघाली. कक्षाच्या मधोमध असताना कान गच्च दाटला आणि पायाखालची फरशी एका बाजूला कलंडली. धरायला जवळ काहीच नव्हतं. ताईने बाळ छातीशी घट्ट धरलं, गुडघे दुमडले आणि होती तिथेच खाली बसली. खोली गरागरा फिरत होती. डोळे मिटले तर जास्तच. दाराच्या कडीवर नजर रोखून तिने हाक मारली. बाळावर उलटी होऊ नये म्हणून तिने मान वळवली आणि सगळंच उलटंपालटं झालं.

आया धावत आली.

"आधी बाळ घे," ताई म्हणाली. "माझं राहू दे."

बाळाला काही झालं नव्हतं. ते झोपलेलंच होतं.

ताईला कान-नाक-घशाच्या वॉर्डात नेलं. तिथे ड्यूटीवर चिमणी होती. ताईच्याच हाताखाली शिकलेली, सतत चिवचिव करायची म्हणून ताईनेच तिला ते नाव ठेवलेलं. आता मात्र चिमणी हळू आवाजात बोलत होती. तिने पडदे ओढले, खाटेचे कठडे वर केले, भांडं आणि घंटी ताईच्या हाताशी ठेवली, सलाईनमधून उलटीचं औषध दिलं. मग खाटेच्या पायाकडच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"ताई, मान हलवायची नाही. मी समोरूनच बोलेन. बाजूने हाक मारली की माणूस वळतो, आणि पुन्हा गरगरायला लागतं."

"बाथरूमला माझी मी जाईन गं."

"अजिबात नाही. तुम्ही पडलात तर मेट्रन मला कच्चं खाईल."

ताईला हसू आलं, पण हसल्याने डोकं हललं, आणि तिने ओठ आवळून घेतले.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की आतल्या कानातल्या द्रवाचा दाब वाढतो, त्यानेच हे सगळं होतं. मीठ कमी करायचं, चहा कमी, जागरण बंद, गोळ्या वेळेवर. ताईने सगळं पाळलं. नवराही तिच्याबरोबर अळणी जेवायला लागला आणि भाजी छान झालीय असं खोटं बोलायला लागला. तरी भोवळ यायचीच. कधी जिन्यात, कधी बाजारात. ऐकूही कमी येऊ लागलं. कामावरून तिची रजा वाढत गेली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "कानाच्या पडद्यातून आत औषध सोडू. भोवळ बहुतेक थांबेल. पण या कानाचं उरलंसुरलं ऐकणंही जाण्याची शक्यता आहे."

नवरा म्हणाला, "तू ठरव. मी काही बोलणार नाही."

"अहो, भोवळ येत असताना बाळ उचलता येत नाही," ती म्हणाली. "एका कानाने येईल."

भोवळ थांबली. कानही गेला. त्यानंतर चिमणीने तिला वॉर्डाच्या बोळातून पुन्हा चालायला शिकवलं. आधी भिंतीला हात लावून, मग भिंत सोडून. झेपायला लागल्यावर डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी तिने बाळ उचललं आणि पायाखालची फरशी जराही हलली नाही. ती किती तरी वेळ त्याला घेऊन उभी राहिली.

मग एक बाळ रडलं. ताई खिडकीजवळच्या पाळण्याकडे गेली. ते शांत झोपलं होतं. पलीकडच्याकडे गेली, तेही झोपलेलं. "इकडे, ताई," मागून नवी नर्स म्हणाली. रडणारं बाळ तोवर तिच्या हातात होतं. रडणं ऐकू येत होतं, पण ते येतंय कुठून तेच कळत नव्हतं. एका कानाला दिशा नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल. तिचं सगळं लक्ष भोवळीकडे होतं.

पुढे एकदा एका बाळाला दूध पिताना ठसका लागला. अगदी बारीक आवाज. ताई धावली, पण उलट्या बाजूला. नव्या नर्सने बाळाला उचलून पालथं धरलं, पाठ थोपटली, आणि ते रडलं. ताईला कुणी एका शब्दानेही बोललं नाही.

त्याच संध्याकाळी ती मेट्रनकडे गेली.

"मला इथून हलवा."

"कुणी काही बोललं का?"

"नाही."

"मग घाई कसली? प्रत्येक पाळण्याला घंटी बसवून घेऊ."

"गुदमरणारं बाळ घंटी वाजवत नाही, मॅडम."

मेट्रनने चष्मा काढला आणि तो पुसत राहिली.

ताईला तळमजल्यावर, ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत काम मिळालं. तिथली यंत्रं दिवसभर घोंघावतात. बोलणं खुणांनीच चालतं, त्यामुळे तिचं काही अडत नाही. वर बाळांच्या कक्षात कधी जाते का, असं चिमणीने एकदा विचारलं. ताईने नुसती नकारार्थी मान हलवली.

त्या दिवशी नवरा घ्यायला आला होता. फाटकातून बाहेर पडताना तो काही तरी म्हणाला.

"काय म्हणालात?"

तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला. "दमलीस का, विचारत होतो."

"नाही," ती म्हणाली. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "हो."