कच्च्या आचेचा चेहरा

भाचा बोटीसकट समुद्रात बुडाला आणि सापडलाच नाही. घरात त्याचा फोटो एकच, तोही पाळण्यातला. मोठा झाल्यावर कॅमेरा दिसला की स्वारी पसार. म्हणून जुन्या चर्चमध्ये बुडालेल्यांच्या आठवणीत उंचावर रंगीत काचेची खिडकी बसवायची ठरली, तेव्हा ताई आपल्या काच-कारागीर भावाकडे आली आणि एवढंच म्हणाली, "त्यातल्या एका देवदूताला माझ्या पोराचं तोंड दे. तुझ्याच अंगाखांद्यावर वाढलाय तो."

पंख, लाटा, आभाळ सगळं कारागिराने रीतीप्रमाणे आधी कागदावर आखून घेतलं. चेहरा मात्र थेट काचेवर काढला. दोनदा काढायला गेलो तर हातातून निसटेल, अशी त्याला धास्ती वाटत होती. काचेवरचा रंग भट्टीत भाजावा लागतो, पुरेशी आच मिळाली तरच तो काचेत मुरतो. पहिला चेहरा भट्टीत तडकला. दुसराही तडकला, नेमका ओठांवर. तेव्हा हा बाप्या मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. तिसऱ्या वेळी त्याने आच कमी ठेवली. चेहरा अखंड बाहेर आला. रंग कच्चा आहे की पक्का, हे नख लावून लगेच कळलं असतं. त्याने नख लावलं नाही. इतक्या उंचावरच्या खिडकीला हात लावायला कोण जातंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, त्यातली गत.

पण चर्चच्या फादरांना नेमकी दया आली. वरच्या आणि खालच्या खिडक्या एकाच मापाच्या होत्या. "आईने मान मोडेपर्यंत वर का बघायचं?" म्हणत त्यांनी काच खाली, डोळ्यांसमोर बसवून घेतली. तो चेहरा बघून किती दिवसांनी ताई हसली होती. आच कमी ठेवल्याचं कारागीर कुठल्या तोंडाने सांगणार?

हिवाळा सरल्यावर तो काचा जोडणारे शिशाचे सांधे तपासायला गेला, तर ताई खिडकीपाशी उभी. शेजारी बादली, हातात ओलं फडकं.

"दर रविवारी पुसते," ती म्हणाली. "मेणबत्त्यांची काजळी बसते रे. माझ्या पोराचं तोंड मी कधी मळकं ठेवलं नाही."

काचेवर दोन भुवया उरल्या होत्या आणि एका डोळ्याची कड. बाकी कोरी, पिवळट काच.

"फिकट झालाय जरा. इथे ऊन लागतं ना."

"ऊन नाही, ताई. मीच कमी भाजला. चूक माझी आहे."

ती फडकं पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"म्हणजे मीच पुसला त्याला?"

त्याने तिच्या हातातलं फडकं काढून बादलीवर टाकलं.

"मग पुन्हा काढ. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने खिशातून कागद-पेन्सिल काढली. भुवया जमल्या, त्या समोरच होत्या. पुढे हात अडला. भाच्याचं नाक आठवायला जावं तर काचेवरचंच आठवे, आणि तेही अर्धवट. त्याला स्वतःची शिसारी आली. शेवटी उतरलं ते चारचौघांतल्या कुठल्याही पोराचं तोंड. तिने कागद भिरकावून द्यावा, "हा कोण आणलास?" म्हणून चार शिव्या हासडाव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं.

ताईने कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"हाच," ती म्हणाली. "अगदी असाच होता. आता नीट भाज हं."