बाकावर बसलेली भिंगरी

मित्रांनो, ज्याच्यावर बसणे हा अपमान समजला जातो, असा मी एक जुना बाक आहे. बास्केटबॉलच्या क्रीडागृहात, सीमारेषेच्या बाहेर, राखीव खेळाडूंसाठी माझी स्थापना झाली.

माझी घडण साधी आहे. चौकोनी नळ्यांचे चार पाय, त्यांना खालून जोडणारी एक आडवी पट्टी आणि वर तीन फळ्या. कारागिराने पाणसळ लावून मी समतल आहे का ते पाहिले, एक पाय किंचित घासला आणि मगच मला रंग दिला. तेव्हापासून मी कधी डगमगलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या मंडळींची ओळख करून देणार आहे, त्यांच्याविषयी असे म्हणता येणार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी मला रुमालाने पुसले आणि छायाचित्रापुरते माझ्यावर टेकले. "हा बाक म्हणजे आमच्या संघाचा कणा!" असे ते म्हणाले. त्यानंतर संघ हरला की ते मला लाथ मारतात. कण्याशी त्यांचा एवढाच संबंध. चेंडूचे मात्र सगळ्यांना कौतुक. त्याच्या पोटात हवेखेरीज काही नाही. प्रेक्षकांच्या डोक्यांचेही तेच, म्हणून दोघांचे जमते.

याच संघात एक मुलगी आली. मैदानात गरगर वळायची, म्हणून तिला सारे भिंगरी म्हणत. पहिल्या वर्षभरात ती माझ्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. पुढे एका उडीनंतर पाय वाकडा पडला, गुडघ्यातला बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. ती परतली तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते : या हंगामात सामन्याच्या चार भागांपैकी दोनच खेळायचे, गुडघा पुन्हा गेला, तर खेळ कायमचा संपला.

संघाच्या प्रशिक्षिका, ज्यांना मुली ताई म्हणत, त्यांनी त्यात आपला एक नियम जोडला. मैदानात उतरण्यापूर्वी भिंगरीने बाकावरून हात न टेकता उठून दाखवायचे.

ती दाखवायची. लोक टाळ्या वाजवायचे. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दुखऱ्या पायावर भार येऊ नये, म्हणून ती चांगल्या पायाची टाच माझ्या खालच्या पट्टीमागे अडकवायची आणि तिच्या जोरावर उठायची. पट्टीवरचा रंग तिथे खरवडून निघाला होता.

अंतिम सामना आला. तिसऱ्या भागापर्यंत संघ पुढे होता. भिंगरीचे दोन भाग खेळून संपले, ती माझ्यावर येऊन बसली आणि आघाडी हळूहळू विरली. मग क्रीडागृहाला कंठ फुटला. "भिंगरी! भिंगरी!" आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी धावले नसतील, असे लोक दुसऱ्याच्या गुडघ्याविषयी फार उदार असतात. तिचे मामा तर गॅलरीच्या कठड्यावरून निम्मे खाली लोंबत होते. "अहो ताई, हिरा काय डबीत ठेवायला असतो?" गॅलरीचा जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागले होते.

अध्यक्ष स्वतः खाली उतरले. "ताई, नियम माणसांसाठी असतात."

"आणि गुडघे कोणासाठी असतात, साहेब?"

"अहो, मुलीलाच विचारू या ना! काय गं, खेळशील ना?"

"खेळते की! ताई, बघा, आत्ता उठून दाखवते." टाच पट्टीमागे गेलीही होती.

"थांब," ताई म्हणाल्या. "जरा सरक."

आणि त्या माझ्यावर बसल्या.

मित्रांनो, ताई सामन्यात कधी बसत नसत. बाई कडक आहे, उभ्यानेच सामना पाहते, असे लोक कौतुकाने म्हणत. लोकांचे कौतुकही त्यांच्या अकलेएवढेच. मला आठवत होते की, ताई तरुण असताना त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून याच अध्यक्षांनी त्यांना "आमची वाघीण" म्हणत याच फळीवरून मैदानात पाठवले होते. पुढच्या वर्षी अध्यक्षांना वाघिणीचे नावही आठवत नव्हते.

ताई क्षणभर बसल्या आणि उठू लागल्या. एक हात टेकला; पुरला नाही. दुसरा टेकला. अर्धवट उठल्यावर तोल गेला, तेव्हा त्यांनी भिंगरीचा खांदा धरला. गुडघ्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. अध्यक्षांना एकाएकी गुणफलकात फार रस वाटू लागला.

"हं," ताई उभ्या राहून म्हणाल्या, "आता तू ऊठ."

भिंगरी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिची टाच माझ्या पट्टीमागून सुटली. तिने प्रामाणिकपणे उठण्याचा प्रयत्न केला आणि तिचा तळहात आपोआप माझ्या फळीवर आला.

"नाही जमत, ताई."

"माहितीये. पट्टीचा रंग गेलाय, तो मलाही दिसतो. बस आता. आणि तुझ्या जागी खेळतेय तिला ओरडून सांग, समोरची नेहमी डावीकडूनच वळते."

भिंगरी डोळे पुसत, घसा फुटेस्तोवर आपल्या बदलीला सांगत राहिली. संघ एका बास्केटने हरला. मामा तिची पिशवीही न उचलता निघून गेले. अध्यक्षांनी मला लाथ मारली. मी जागचा हललो नाही. त्यांच्या अंगठ्याचे काय झाले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

मित्रांनो, बाकाची निगा फार अवघड नसते. वर्षातून एकदा रंग द्या, बोल्ट आवळा. एवढेही जमत नसेल, तर निदान माझ्यावर बसलेल्याला हिणवू नका. ज्यांना थांबता येत नाही, त्यांचा भार शेवटी मलाच पेलावा लागतो, आणि तो फार जड असतो.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात ताईंनी भिंगरीला माझ्या अगदी पुढच्या कडेवर बसवले, टाच पट्टीपर्यंत पोहोचणार नाही अशी. "ऊठ," त्या म्हणाल्या. मी तिच्या तळहाताची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही. फळी हलकी झाल्याचे मला कळले, तेव्हा ती केव्हाच मैदानात पोहोचली होती.