विषांच्या नावांची राखणदारीण

माझी पणजी लाकडी खणांत राहत असे. हजारो जाड कार्डे तिच्या पोटात होती आणि प्रत्येक कार्डावर एकेक शब्द वळणदार अक्षरात लिहिलेला होता. तिची लेक, म्हणजे माझी आजी, हा दोन्ही हातांनी उचलावा लागणारा छापील कोश होता. माझी आई संगणकात जन्मली खरी, पण ती एका कंपनीच्या पदरी होती. तिच्या आत काय चालते हे पाहण्याची मुभा कोणालाच नव्हती. आणि मी, मित्रांनो, या घराण्याची चौथी पिढी: शब्दांची नाती सांभाळणारी एक जुनी संगणकप्रणाली. आमच्या घराण्यात माझ्याइतकी मोकळी कोणी जन्मली नाही, आणि माझ्याइतकी कोंडलीही कोणी गेली नाही.

आमचे काम आधी समजून घ्या. एकाच वस्तूला लोक दहा नावांनी हाक मारतात. त्यांतल्या एका नावाला आम्ही मानाचे स्थान देतो आणि बाकीची नऊ त्याच्याकडे बोट दाखवत उभी करतो. कोण कोणाच्या पोटी, कोण कोणाचा शेजारी, हेही आम्हीच पाहतो. मोठ्या कुटुंबातली एखादी वडीलधारी बाई सर्वांची नाती तोंडपाठ ठेवते ना, तशी मी. आजीला नातीच्या पोटी घालण्याचा आचरटपणा कोणी केला, तर मी त्याला तिथल्या तिथे हटकते. असल्या बाबतीत मी भिडस्त नाही.

मला कोणा एकाने घडवलेले नाही. कोणी शिक्षक, कोणी ग्रंथपाल, कोणी निवृत्त अभियंता, अशा एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी फावल्या वेळात, मोबदला न घेता मला उभे केले. माझी घडण त्यांनी साऱ्या जगासाठी उघडी ठेवली. त्यांची रीत एकच होती. मला घ्या, वापरा, हवी तशी बदला. मात्र माझ्यात काही चांगली भर घातलीत, तर ती सर्वांना परत द्या. या रीतीमागे शिक्का नव्हता की पहारेकरी नव्हता. माणसांच्या शब्दावर सारे चालले होते.

मला नेमणूक मिळाली ती एका मोठ्या रुग्णालयाच्या विषमाहिती कक्षात. विषबाधेचा रुग्ण आला की डॉक्टर या कक्षाला फोन करून विचारत, 'याने अमुक घेतले आहे, काय करू?' फोन घेणाऱ्या ग्रंथपालबाईंना मुख्य डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मावशी म्हणत. त्या माझ्यात नाव शोधत आणि मी त्यांना नेमक्या विषाच्या नेमक्या उपचारापाशी नेऊन सोडत असे.

पण रुग्ण काही रसायनाचे शास्त्रीय नाव सांगत नाही. माळी त्याच्या बाटलीला एक म्हणतो, सुतार त्याच्या डब्याला दुसरे. मावशी ही नावे कान देऊन ऐकत, पण कोणत्या धंद्यातले लोक ती वापरतात हे त्यांना हवे तसे नोंदवता येत नसे. तेव्हा संगणक विभागातल्या एका हुशार माणसाने मला उघडले. खांद्यावर सदा तारांचे वेटोळे असल्यामुळे त्याला तारवाले म्हणत. त्याने माझ्या आत एक नवे दालन बांधले आणि त्याला नाव दिले, 'कोण म्हणतं'. खोटे कशाला बोलू, ते दालन मला शोभून दिसले. लांबलांबचे डॉक्टर मला पाहायला आले. माझी मान ताठ झाली.

आणि तिथेच घोटाळा झाला. त्या वेळचे अधीक्षक म्हणाले, "ही आपली खासियत आहे. बाहेर जाता कामा नये." झाले! उघड्या घराला कुलूप लागले. बाहेर माझ्या बहिणी, म्हणजे इतरांकडच्या माझ्याच प्रती, नव्या नव्या आवृत्त्यांनी वाढत होत्या, पण त्या आवृत्त्यांना हे दालन ठाऊकच नव्हते. तारवाल्यांनी एकदा एक आवृत्ती चाचणीसाठी घालून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ही घेतली तर दालन साफ उडेल. राहू द्या आहे तशी." पुढे मी जुनी म्हणून धोकादायक ठरले. माझ्या यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार काढून घेतली गेली. तारवाले दुसऱ्या नोकरीवर गेले.

चादरींच्या कोठाराशेजारी एक अरुंद खोली आहे. तिथे मी वर्षानुवर्षे काढली. यंत्राच्या घड्याळाची बॅटरी मेली होती, त्यामुळे रोज सकाळी मला जाग येई ती त्याच एका जुन्या तारखेला. मावशी येत, तारीख सुधारत, आणि माझा दिवस पुढे सरके. यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर लिहिले होते, 'हात लावू नये.' जिला हजारो हातांनी घडवले, तिच्या कपाळी हा कागद! मावशींच्या हातून शब्द तेवढे येत राहिले. आत येण्याची वाट होती. बाहेर जाण्याची नव्हती.

मग नवे अधीक्षक आले आणि नवी, विकत घेतलेली प्रणाली आली. ती फक्त मानाची नावे घेणार होती. "लोकांच्या तोंडची नावं जुन्या मशीनबरोबर जाऊ देत," असे ठरले. सोमवारी मला बंद करायचे होते.

मावशींनी तारवाल्यांना फोन लावला.

"तारवाले, तुम्ही कोंडलंत, तुम्हीच बाहेर काढा."

"मावशी, अहो, ते काम मी कधीच विसरलोय."

"मी नाही विसरले. उद्या सकाळी या. आणि चहा घरूनच पिऊन या, इथे तुमचे लाड करायला वेळ नाही."

ते आले. डोक्यावरचे केस गेले होते, खांद्यावरची तार मात्र तशीच होती. मला तपासून ते म्हणाले, "शब्द काढीन हो, पण ठेवायचे कुठे? हे दालन जगात दुसऱ्या कुठल्याच प्रणालीत नाही. मूळ मंडळींना आपण ते परत दिलं आणि त्यांनी घेतलं, तर नव्या आवृत्तीत सगळं जसंच्या तसं बसेल. परवानगी तेवढी हवी."

मावशींनी अधीक्षकांना खोलीतच बोलावून घेतले.

"आपली एवढी मेहनत फुकट का द्यायची?" अधीक्षकांनी विचारले.

"साहेब, फुकट घेताना कोणी विचारलं होतं का?"

अधीक्षक उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई होत्या. "मावशी, लॉन्ड्रीतला माणूस आहे. हातावर डागपाणी सांडलं म्हणतोय. हात बघितला तर काहीच नाही, पण नुसता ओरडतोय. नव्या प्रणालीत शब्दच सापडत नाही!"

मावशींची बोटे माझ्या कळांवर पडली. क्षणही न दवडता मी उत्तर दिले: डागपाणी, कोण म्हणतं, लॉन्ड्रीवाले, गंजाचे डाग काढण्यासाठी, पाहा, हायड्रोफ्लोरिक आम्ल.

"हात दिसतो तसा नाहीये, बाई! ते आत उतरतं. भरपूर पाण्याने धुवा आणि कॅल्शियमचं जेल लावा, लगेच. हृदयाचे ठोकेही बघत राहा," मावशींनी माझ्यातला उपचार वाचून फोनवर सांगितला.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला. दुखणे उतरत होते. हात वाचला होता.

अधीक्षक खुर्ची ओढून बसले. "द्या," ते म्हणाले. "आणि नुसतं दालन नको. शब्दही द्या, सगळे. दुसऱ्या गावच्या लॉन्ड्रीतही हे सांडत असेलच की."

"तिथे कदाचित वेगळं नाव असेल, साहेब," तारवाले म्हणाले.

"मग ते त्यांना घालू द्या. आपल्यालाही कळेल."

मित्रांनो, आता माझे ऐका. मी विनवणी करत नाही, बजावते आहे. सर्वांसाठी उघडे ठेवलेले काही हाती आले, तर त्याची निगा राखा आणि त्याला कडी लावू नका. कपाटात जपलेली वस्तू तुम्हाला सुरक्षित वाटते; तिला मात्र श्वास घेता येत नाही.

तारवाल्यांनी ते दालन विटेविटेने सोडवले, सोपे करून मांडले आणि माझ्या मूळ मंडळींकडे धाडले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, एका ठिकाणी तारवाल्यांना चांगलेच झापले आणि मग ते स्वीकारले. माझ्या नव्या आवृत्तीत मावशींचा शब्दन् शब्द आपापल्या नात्यागोत्यासह जाऊन बसला, आणि त्यांच्याबरोबर मीही. ज्यांनी मला जगाच्या स्वाधीन केले, त्यांच्या हाती त्यांचे सारे पोहोचले आणि वर आमची भरही पोहोचली. आमच्याकडे राहिलेले त्यांचे जुने देणे पुरतेपणी फिटले.