खालून उत्तर येईपर्यंत

दोघे भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचे. थोरला खाली खड्ड्यात, धाकटा वर मशीनपाशी, आणि मधे विहिरीसारखा अंधार. नियम एकच, तोही थोरल्यानंच घालून दिलेला. वरच्यानं अधूनमधून हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची.

"दादा, आहेस?"

"आहे."

उत्तर आलं की काम चालू. नाही आलं की आधी मेन स्विच पाडायचा आणि मग धावत सुटायचं. विचार करत बसायचं नाही, थोरला म्हणायचा, विचार करेपर्यंत माणूस हातचा जातो. वर पुस्ती जोडायचा, "आणि उगाच धावलास तर चहा तुझ्याकडून."

चहा पाजायची वेळ कधी आली नाही. थोरल्याचं उत्तर चुकलं नाही म्हणजे नाही.

आता थोरला बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, लोखंडी खाटेवर होता. दवाखान्यानं हात टेकले होते. घरी येणाऱ्या सिस्टरनं सरळ सांगितलं होतं की यापुढचं औषध बरं करायला नाही, त्रास होऊ नये म्हणून. दुपारी वहिनी आत जरा आडव्या व्हायच्या, आणि स्टुलावर धाकटा बसायचा. नजर थोरल्याच्या छातीवरच्या चादरीवर.

चादर वर. चादर खाली. चादर वर. चादर

चादर

"दादा, आहेस?"

आधी पापण्या हलायच्या, मग ओठ एकमेकांपासून सुटायचे.

"आहे."

की धाकट्याच्या जिवात जीव. तो दिलासा तरी किती टिकणार? तोंडातली थुंकी गिळेपर्यंत नजर पुन्हा चादरीवर.

सुरुवातीला थोरला चेष्टा करायचा. "आहे रे. तूच जरा घरी जाऊन झोप. तुझ्या तोंडाकडे बघून मलाच माझी काळजी वाटायला लागलीय." मग चेष्टा गेली, नुसतं 'आहे' उरलं. मग 'आहे'तलाही अर्धा भाग गळला.

"दादा, आहेस?"

"आ."

धाकटा स्वयंपाकघरातून हाक मारायचा. मोरीतून मारायचा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आंघोळ करताना तरी नका. शेजारीण विचारत होती, रोज साबण मागायला हाका मारतात का."

तो हसला. हसता हसता त्यानं बाहेरच्या खोलीकडे कान लावला.

सिस्टर आली तेव्हाही तेच. ती थोरल्याची नाडी बघत होती. त्याच्या कपाळावर, भुवयांच्या मधे, दोन आठ्या रुतून बसलेल्या. "झोप लागते का यांना?"

"डोळे तर मिटलेले असतात," वहिनी म्हणाल्या.

"दादा, आहेस?" धाकट्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

सिस्टरनं पाहिलं. चादरीखाली पायाची बोटं आखडली. मानेच्या शिरा ताणल्या. सगळं अंग गोळा होऊन कुठूनतरी खालून काहीतरी जड वर ढकलत आणावं तसं,

"आ."

आणि कपाळभर घाम.

तिनं धाकट्याला स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग वहिनी.

"दिवसातून कितीदा विचारता?"

"मधूनमधून."

"मधूनमधून म्हणजे," वहिनी म्हणाल्या, "मधे श्वास घ्यायला थांबतात, तेवढंच."

सिस्टर हसली नाही. "औषध लागू पडत नाही म्हणून मी डॉक्टरांना विचारणार होते, वाढवू का. पण औषध पडतंय लागू. तुम्ही त्यांना झोपूच देत नाही आहात."

"त्यानंच शिकवलंय. उत्तर नाही आलं तर—"

"तर?"

धाकट्यानं तोंड उघडलं. धावत सुटायचं. पण कुठे?

"म्हणूनच देतायत ते उत्तर," सिस्टर म्हणाली. "तुम्ही घाबरू नये म्हणून. हातात हात घ्या, बोला हवं तेवढं. उत्तर मागू नका."

"आणि मी विचारलं नाही, आणि तेवढ्यात..."

"तर झोपेत जातील. हाकेनं कोणी थांबत नाही. दमतं मात्र."

ती गेली. वहिनी आत गेल्या. धाकटा स्टुलावर.

चादर वर. चादर खाली.

बोलावं म्हटलं तर प्रत्येक वाक्याच्या शेपटीला प्रश्न. "दादा, ऊन येतंय तोंडावर, पडदा ओढू... ओढतो." थोड्या वेळानं, "पाणी देऊ... ठेवलंय इथे."

थोरल्याच्या कपाळावरची एक आठी गेली. मग दुसरी. पायाची बोटं सैल पडली. बरं वाटायला हवं होतं. पण त्या सपाट कपाळाखाली दादाचा चेहराच राहिला नाही, कोणा परक्याला आणून निजवल्यासारखं झालं, आणि धाकट्याची पाचावर धारण बसली.

चादर

चादर

धाकटा उठला कधी, भिंतीपाशी पोचला कधी, त्यालाच कळलं नाही. हाताचा पंजा विजेच्या फळीवरच्या सगळ्या बटणांवरून खाली फिरला. खट खट खट. वरचा पंखा मंदावला, थांबला. त्यासरशी चादरीची हलणारी कडही थांबली. म्हणजे इतका वेळ आपण वारा बघत होतो?

हाक दातांपर्यंत आली. त्यानं मनगट तोंडात कोंबलं. तसाच गेला, वाकला, गाल थोरल्याच्या तोंडाजवळ नेला.

काही नाही.

काही नाही.

मग गालाला ऊब. अगदी पुसट. ती आपल्याच गालाची की काय, हेही त्याला धड सांगता येईना. पुन्हा आली. ओलसर होती, औषधाचा वास होता तिला. मग पुन्हा काही नाही.

पंखा का थांबला म्हणून वहिनी बाहेर आल्या. धाकटा वाकलेलाच होता, मनगटावर दात उमटलेले.

"काय म्हणाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"विचारलं नाही मी."

वहिनी खाटेच्या पलीकडे बसल्या. थोरल्याचा एक हात त्यांनी घेतला, दुसरा धाकट्यानं. तळहातावरच्या रेषांत वंगणाचा काळा रंग अजून होता. वहिनींच्याही ओठांवर हाक आली, धाकट्याला ती दिसली. त्यानं नुसतं मानेनंच नको म्हटलं.

त्यांनी ओठ मिटले. मग दोघं बघत राहिली, आणि श्वासाश्वासांतलं अंतर वाढत चाललं होतं.